आर्टिचोकचं काय टाकायचं, काय खायचं?

केळफूल निवडण्याबद्दल मागच्या अंकात उत्तर छापलं आणि त्या निमित्ताने आर्टिचोकविषयी पत्रांची रांगच लागली. बरीचशी कॅलिफोर्नियातून, काही युरोपातून, एक पुण्यातून. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये 'पाकळी' म्हणजे बाहेरचं खवल्यासारखं जाड पान, 'कुसळं' म्हणजे पोटात दडलेला केसाळ झुपका आणि 'बूड' म्हणजे त्या कुसळांखालची वाटीसारखी मांसल चकती.

प्रश्न (सॅन होजे): मोठा हिरवा आर्टिचोक आणला, फ्लॉवरसारखे तुरे करून 20 मिनिटं उकडला आणि फोडणीला टाकला. तोंडात नुसता चोथा, वर घशात केस अडकल्यासारखं झालं. कुठे चुकलं?

फ्लॉवर समजलात तिथेच. आर्टिचोक ही एका काटेरी झाडाची न उमललेली कळी आहे. आपली करडई त्याच कुळातली. करडईच्या बोंडाला बाहेरून जी टोकदार पानं असतात, तीच इथे जाड आणि गरदार झालेली असतात. कळी झाडावर राहू दिली तर आतल्या कुसळांचं जांभळं फूल होतं. तुमच्या घशात अडकलं ते हे होऊ घातलेलं फूल. ते विषारी नाही, पण कितीही शिजवलं तरी मऊ होत नाही, म्हणून काढूनच टाकायचं.

खाण्यासारख्या गोष्टी चारच: प्रत्येक पाकळीच्या खालच्या टोकाला चिकटलेला गर, अगदी आतल्या फिकट कोवळ्या पाकळ्या, बूड आणि देठाचा आतला पांढरट भाग. पाकळीचा बाकीचा भाग चावून संपत नाही, तो चोखून टाकायचा असतो. शेवग्याची शेंग खाता येते त्याला हे शिकवावं लागत नाही.

पहिल्या खेपेला कळी अख्खी वाफवा. साधारण 350 ते 400 ग्रॅमची कळी घ्या. देठ बुडाशी कापा म्हणजे ती सरळ बसेल. देठ फेकू नका, सोलून सोबतच ठेवा. शेंड्याकडचा 2 ते 3 सेंटीमीटर भाग दातेरी सुरीने सरळ कापून टाका, राहिलेल्या पाकळ्यांची काटेरी टोकं कात्रीने उडवा आणि जिथे जिथे कापलं तिथे लिंबाची फोड चोळा. भांड्यात दोन बोटं पाणी घ्या, त्यावर चाळणी, चाळणीत कळी उपडी, वर घट्ट झाकण. 40 ते 45 मिनिटं लागतात. मध्ये पाणी आटलं का बघत राहा, कारण भांडं करपलं की त्याचा वास कळीत उतरतो आणि जात नाही. कुकरमध्ये पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून 12 मिनिटं, लहान कळीला 8.

घड्याळापेक्षा पाकळीचं ऐका. मधल्या रांगेतली एक पाकळी धरून ओढा. हिसका द्यावा लागला तर कच्ची आहे, सहज हातात आली तर झाली. बुडात सुरी उकडलेल्या बटाट्यात जाते तशी गेली पाहिजे. कच्च्या आर्टिचोकनेच लोकांचं मन या भाजीवरून उडतं. जास्त शिजल्याने फारसं बिघडत नाही.

मग बाहेरून एकेक पाकळी तोडा, गराचं टोक चटणीत बुडवा, खालच्या दातांवर धरून ओढा आणि उरलेलं बाजूच्या ताटलीत. ही रिकामी ताटली आधीच मांडा, विसरलात तर टेबलावर ढीग होतो. पाकळ्या पातळ होत जांभळट झाल्या की त्या मूठभर एकदम उपटा. खाली कुसळं दिसतील. चहाच्या चमच्याच्या कडेने ती खरवडा, टाका आणि बूड खा. सगळा खटाटोप त्या बुडासाठीच असतो.

चटणी म्हणजे काय? 50 ग्रॅम लोणी पातळ करा, त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धी किसलेली लसूण पाकळी आणि मीठ. फ्रान्समध्ये गार कळीबरोबर तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर आणि थोडी मोहरीची पेस्ट फेटून देतात. गोडा मसाला, गरम मसाला यांच्या वाटेला जाऊ नका, चव नाजूक आहे आणि त्यांच्यापुढे टिकत नाही.

प्रश्न (फ्रीमाँट): दुकानात निवडायचा कसा? काही कळ्यांवर तपकिरी डाग होते, त्या टाळल्या. बरोबर केलं ना?

कदाचित उत्तम माल सोडून आलात. थंडीत हलकं हिम पडलं की पाकळ्यांची वरची त्वचा तपकिरी होऊन पापुद्र्यासारखी सुटते. ते फक्त वरवरचं असतं, चवीला काही होत नाही. उलट कळी सैल उघडलेली, टोकं वाळलेली आणि देठाचा काप काळा-सुरकुतलेला असेल तर ती जुनी. हातात घेऊन तोला: आकाराच्या मानाने जड वाटली पाहिजे. मग कानाजवळ धरून हलकी दाबा. ताज्या पाकळ्या एकमेकींवर घासून चुरचुरतात, शिळ्या मुकाट दबतात.

तुम्हाला तर माहेरचाच माल मिळतो. अमेरिकेतले जवळजवळ सगळे आर्टिचोक कॅलिफोर्नियात पिकतात आणि त्यांचं केंद्र, माँटेरे परगण्यातलं कॅस्ट्रोविल, तुमच्यापासून गाडीने दीड तासाच्या आत आहे. मुख्य बहर मार्च ते मे, शरद ऋतूत दुसरा छोटा. आणल्यावर धुऊ नका. देठाच्या कापावर दोन थेंब पाणी शिंपडून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाच-सहा दिवस राहतो, पण रोज थोडी गोडी कमी होते.

प्रश्न (लंडन): देशातून आणलेल्या विळीवर चिरले, लिंबाच्या पाण्यातही टाकले, तरी भाजी काळी आणि बोटं त्याहून काळी. केळफुलाला ताक चालतं, तसं इथे काय?

दोन वेगळ्या काळिम्या एकत्र आल्या आहेत. पहिली केळफुलाची आणि वांग्याची ओळखीची: चिरलेल्या जागी हवा लागली की भाजीतलं एक विकर तिच्यातल्या तुरट द्रव्यांना तपकिरी करतं. आर्टिचोकमध्ये ही द्रव्यं भरपूर असल्याने मिनिटा-दोन मिनिटांत रंग फिरतो. आंबट पाण्याने विकराचा वेग मंदावतो. ताकाचा आंबटपणा इथे कमी पडतो आणि पाकळ्यांच्या खाचांत ताकाचे कण बसतात ते वेगळंच. एक लिटर पाण्याला दीड लिंबाचा रस हवा, आणि पिळलेली सालंही त्यातच टाका. कळी सोलून झाल्यावर पाण्यात टाकली तर उशीर झालेला असतो. प्रत्येक कापानंतर लगेच लिंबाची फोड फिरवायची. तुकडे पाण्यावर तरंगतात, म्हणून वर एक ताटली दाबून ठेवा.

दुसरी काळिमा विळीची. लोखंड आणि तुरट द्रव्यं मिळून निळसर काळा रंग तयार होतो, आणि तो लिंबाने जात नाही. तेव्हा विळी आणि लोखंडी कढई दोन्ही दूर ठेवा. अॅल्युमिनियमचं पातेलंही नको. स्टीलची सुरी, स्टीलचं भांडं. हातात मोजे घाला, कारण डागांपेक्षा कडूपणा त्रास देतो: तासाभराने पोळी लाटली तर तीही कडू लागते.

बूड अगदी पांढरं हवं असेल तर फ्रेंच स्वयंपाकघरातली युक्ती वापरा. एक मोठा चमचा मैदा थोड्या गार पाण्यात कालवून एक लिटर पाण्यात मिसळा, त्यात एका लिंबाचा रस आणि एक चहाचा चमचा मीठ घालून त्यातच बुडं शिजवा. मैद्याच्या पातळ थरामुळे हवा कमी लागते.

प्रश्न (सनीव्हेल आणि इतर): मला फक्त बूड हवं आहे, भाजीसाठी. किती सोलायचं हेच कळत नाही. आणि आत किडे असतात का?

किडे असू शकतात. पाकळ्यांच्या सांदीत मावा बसतो. म्हणून आधी कळी उपडी करून मिठाच्या पाण्यात 15 मिनिटं बुडवा, मग वाहत्या नळाखाली पाकळ्या फाकवून धुवा. हा प्रश्न काही तुम्हालाच पडलेला नाही. 2018 साली इस्रायलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) कार्यालयाने अख्खा आर्टिचोक किड्यांच्या शंकेने धर्मसंमत नाही असं म्हटलं, आणि रोमचे ज्यू चिडले. त्यांचं म्हणणं, आमच्या जातीच्या पाकळ्या इतक्या घट्ट की किडा शिरेल कुठून?

आता सोलणं. लिंबाचं पाणी आधी तयार ठेवा. बाहेरच्या पाकळ्या एकेक मागे वाकवून खाली ओढा, म्हणजे त्या कटकन मोडतात आणि गराचा तुकडा बुडालाच राहतो. थांबायचं कधी? पाकळीचा खालचा अर्धा-अधिक भाग फिकट पिवळा दिसू लागला की. तोवर तीन-चार रांगा गेलेल्या असतात आणि मन चुटपुटतं, पण हात आखडायचा नाही. एक हिरवी रांग ठेवलीत तर शिजल्यावर प्रत्येक घासात दोरा लागेल.

उरलेल्या कळीचा वरचा दोन तृतीयांश भाग आडवा कापा. बुडाभोवती मोडलेल्या पाकळ्यांचे गडद हिरवे खुंट राहतात, ते लहान सुरीने सफरचंद सोलतात तसे गोल फिरत तासा. तो हिरवा भाग कडू असतो. देठ ठेवायचा असेल तर त्याचीही साल जाड काढा. काप बघितला तर बाहेर गडद कडं आणि आत फिकट वर्तुळ दिसतं, ते कडं पूर्ण गेलं पाहिजे. शेवटी चमच्याने कुसळं खरवडा. कच्च्या बुडातून निघत नसतील तर बूड आधी शिजवा, मग बोटाने दाबलं तरी सुटून येतात.

350 ग्रॅमच्या कळीतून जेमतेम 70-80 ग्रॅम बूड निघतं. चौघांच्या भाजीला आठ कळ्या लागतात हे धरूनच बाजारात जा.

प्रश्न (डब्लिन, कॅलिफोर्निया): पिशवीत छोटे 'बेबी' मिळतात, ते कोवळेच असतात ना?

कोवळे नव्हेत, पूर्ण वाढलेलेच. झाडाच्या शेंड्याला मोठी कळी येते, खालच्या फांद्यांच्या बेचक्यात लहान. सावलीत राहिल्याने त्या लहानच राहतात आणि त्यांची कुसळं धरत नाहीत. बाहेरच्या दोन-तीन रांगा मोडा, शेंडा एक सेंटीमीटर कापा, उभे चार भाग करा आणि 3 मोठे चमचे तेलात लसणावर परता. मग पाव वाटी पाणी आणि मीठ घालून झाकून 12 ते 15 मिनिटं. शेवटी झाकण काढून कडा लालसर होऊ द्या. ज्यांना ही भाजी घाईच्या दिवशी करायची आहे त्यांनी मोठ्या कळ्यांच्या वाटेला जाऊच नये.

प्रश्न (रोम): इथल्या ज्यू वस्तीत मिळणारा कुरकुरीत, कमळासारखा उघडलेला आर्टिचोक घरी केला. पाकळ्या जळल्या आणि बूड कच्चं राहिलं. त्याला पीठ लावतात का?

पीठ, बेसन काहीच नाही. एकदाच तळलात म्हणून तसं झालं. 'कार्चोफी आला जुदिया' दोनदा तळतात. हा पदार्थ रोमच्या ज्यूंचा. 1555 मध्ये पोपने त्यांना टायबर नदीकाठच्या वस्तीत कोंडलं, तिथल्या स्वयंपाकाची ती खूण.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात गोल, काटे नसलेली रोमन जात येते, तीच घ्या. बरेच भाजीवाले सोलूनही देतात, संकोच न करता सांगा. देठ चार-पाच सेंटीमीटर ठेवून सोला. लिंबाच्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडे करा, उपडे ठेवून अर्धा तास निथळू द्या. आत पाणी राहिलं तर तेल अंगावर येतं. मग दोन कळ्या एकमेकींवर हलक्या आपटा म्हणजे पाकळ्या सैल होतात, आणि आत मीठ-मिरपूड भुरभुरा.

पहिलं तळण 140 अंशांवर, कळी बुडेल इतक्या तेलात, 12 ते 15 मिनिटं. शेंगदाणा तेल चालतं. तेलात बुडबुडे संथ असले पाहिजेत, खळखळाट नको. देठ जिथे बुडाला मिळतो तिथे काटा सहज घुसला की काढा आणि उपडे ठेवून गार होऊ द्या. गार झाल्यावर बोटांनी पाकळ्या बाहेर वाकवून फूल उघडा. गरम असताना उघडायला गेलात तर पाकळ्या तुटतात.

दुसरं तळण 180 अंशांवर, फूल खाली तोंड करून, देठ चिमट्यात धरून दाबत, दोन ते तीन मिनिटं. रंग तांब्यासारखा झाला की लगेच बाहेर, कारण पुढचं अर्धं मिनिट त्याला कडू करतं. काही ठिकाणी शेवटी तेलात गार पाण्याचे शिंतोडे मारतात, त्याने कुरकुरीतपणा वाढतो. घरच्या ओट्यावर ते धाडस नको. लगेच वाढा. पाहुणे यायच्या आधी पहिलं तळण करून ठेवता येतं, दुसरं मात्र पानं मांडल्यावरच.

प्रश्न (न्यू जर्सी): इटालियन लोक आर्टिचोक भरतात, तसा भरल्या वांग्याचा मसाला भरला तर?

वांगं सालासकट खाता येतं, आर्टिचोकच्या बाहेरच्या पाकळ्या येत नाहीत. दाणे-खोबऱ्याचा ओला मसाला पाकळ्यांना लागून टाकायच्या भागाबरोबर ताटलीत जाईल आणि तुमची बोटं कोपरापर्यंत माखतील. इटालियन सारण कोरडं असतं, पावाचा चुरा, लसूण, चीज, पार्सली आणि तेल. ते पाकळीच्या टोकाला चिकटून गराबरोबर दाताखाली येतं.

घरी शिजवायचं तर आम्ही तुर्की रीत सुचवू, कारण तिच्यात शेपू आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. इस्तंबूलच्या बाजारात वसंतात सोललेली बुडं लिंबाच्या पाण्यात ठेवून विकतात, त्यांचा हा पदार्थ. सहा बुडं पसरट भांड्यात खळगा वर करून एका थरात लावा. एक बारीक चिरलेला कांदा, एक गाजर आणि एक बटाटा मटाराएवढ्या फोडी करून, एक वाटी मटार, हे सगळं वर पसरा. 80 मिलिलिटर ऑलिव्ह तेल, एका लिंबाचा रस, दीड वाटी पाणी, एक चहाचा चमचा साखर, मीठ. साखर वगळू नका, ती गोडीसाठी नसून कडवटपणा झाकायला असते. वर कागद दाबून झाकण ठेवा आणि मंद आचेवर 35 मिनिटं. आता महत्त्वाचं म्हणजे भांड्यातच गार होऊ द्या. गरम असताना तेल आणि भाजी वेगवेगळे लागतात, गार झाल्यावर एक होतात. वाढताना मूठभर चिरलेला शेपू. शेपूला नाकं मुरडणारेही इथे तो मुकाट्याने खातात.

प्रश्न (टोरांटो): बुडांचं तेलातलं लोणचं घालून वर्षभर बाहेर ठेवता येईल का? कैरीचं टिकतंच की.

नको. कैरी मुळात आंबट, वर मीठ भरपूर. आर्टिचोक आंबट नाही. कमी आम्लाची भाजी तेलाखाली हवाबंद ठेवली की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हवी तशी जागा मिळते, आणि त्याचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही. लसूण घातली तर धोका वाढतो, कमी होत नाही. दुकानातल्या बरण्या आम्लाची पातळी मोजून भरलेल्या असतात. हौस असेल तर 5 टक्के आम्लाचं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडं शिजवा, तेल-ओरेगॅनो घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

साठवायचंच असेल तर फ्रीजर बरा. कच्ची बुडं गोठवली तर काळी पडतात. लिंबू घातलेल्या उकळत्या पाण्यात 7 मिनिटं ठेवा, बर्फाच्या पाण्यात गार करा, कोरडी पुसून पिशवीत भरा.

प्रश्न (म्युनिक): खाल्ल्यावर पाणी गोड लागलं. भ्रम की खरं?

खरं. आवळा खाल्ल्यावर लागतं तसंच. आर्टिचोकमधल्या सायनारिनसारख्या द्रव्यांमुळे हे होतं, आणि 1972 मध्ये यावर शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला आहे. सगळ्यांना सारखं जाणवत नाही. याच कारणाने वाइन त्याच्याबरोबर विचित्र गोड लागते. जेवणात सोबत साधं पाणी ठेवा आणि गोड पदार्थ अर्ध्या तासाने वाढा.

प्रश्न (पुणे): इथे ताजा क्वचित दिसतो, तोही महाग आणि वाळका. डब्यातला चालेल?

वाळका ताजा घेण्यापेक्षा डब्यातला शंभर पटींनी बरा. फक्त दोन प्रकार ओळखा. मिठाच्या पाण्यातला असेल तर दोनदा धुवा, दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा, मग हाताने हलका पिळा. पिळला नाही तर पिझ्झ्याचा तळ ओला होतो. तेल-व्हिनेगरमधला असेल तर धुऊ नका, निथळून तसाच सॅलडमध्ये घाला. दोन्ही आधीच शिजलेले असतात, तेव्हा भाजीत टाकायचे झाले तर गॅस बंद करायच्या आधी पाच मिनिटं. आणि दुकानात 'जेरुसलेम आर्टिचोक' असं लिहिलेलं, आल्यासारखं गाठाळ काही मिळालं तर ते सूर्यफुलाच्या एका जातीचं कंदमूळ आहे. त्याला यातली एकही कृती लागू पडत नाही.